शिट्टीचा खांब

कनेल्सव्हिलला सायकली उतरवल्या
आणि लेनोरा हुडॉकनं माझ्या चाकांतली
जवळजवळ निम्मी हवा सोडून दिली.
"खडीवर टणक चाक उड्या मारतं," म्हणाली,
"जरा मऊ राहायचं. मग वाटच सांभाळून घेते."
वय एकाहत्तर. तीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवलेली.
तिच्याशी वाद घालायची माझी काय बिशाद.

इथे रूळ होते.
रूळ गेले, त्यांची सपाटी राहिली,
नदीच्या कलानं वळणारी, कुठे धाप लागेल असा चढ नाही,
कारण कोळशानं लादलेल्या डब्यांना चढ सोसत नसे.
आता तिच्यावर चुनखडीची बारीक कच.
चाकाखाली ती वाजत राहते
पोह्यांत निसटलेल्या खड्यासारखी,
फक्त एकसारखी, मैलोन्‌मैल.

मोटार नाही. मागून हॉर्न नाही.
तरी मी दर दोन मिनिटांनी वळून बघत होते,
कुणाला तरी वाट द्यायची राहून गेल्यासारखी.

नदीचं नाव मला अजून धड घेता येत नाही.
यॉकिगेनी.
लेनोरा नुसतं 'यॉक' म्हणते,
आत आहेस का गं, अशा सुरात.

झाडीत विटांच्या भट्ट्या, रांगेनं, घुमटाच्या,
तोंडातून नेचे बाहेर आलेले.
"माझ्या आजोबांना भुवया नव्हत्या," ती चालत्या सायकलवरून सांगते,
"आम्हाला वाटायचं, म्हातारपणी जातात."
पुढे एका बंद खाणीतून झरा येतो,
दगडांवर गेरू ओतत.
हात नको लावूस, म्हणाली.
तोवर लावला होता.
बोट संध्याकाळपर्यंत तांबडं.

मग तो खांब.
कमरेएवढा, सिमेंटचा, पांढरा रंग खपल्यांनी गेलेला,
अंगावर कोरलेलं एकच अक्षर: डब्ल्यू.
इंजिन ड्रायव्हरला हुकूम, की इथे शिट्टी दे,
पुढे रस्ता आडवा येतो, पुढे माणसं आहेत.
तो रस्ता आता गवतात. माणसंही नाहीत.
हुकूम तेवढा उभा.

लेनोराचे वडील इंजिनात कोळसा टाकायचे.
म्हणून प्रत्येक डब्ल्यूपाशी ती पाय टेकते,
दोन बोटं तोंडात घालते:
दोन लांब, एक आखूड, एक लांब.
या खेपेला नुसती हवा आली. नवी कवळी.
डोळे पुसून हसली, की हसून पुसले, कळलं नाही.
"तू दे."

मी?
आमच्याकडे मुलींनी शीळ घालायची नसते.
का, ते कुणी सांगितलं नव्हतं.
सुमनमावशीनं एकदा नुसतं बघितलं
आणि ओठ आपसूक मिटले.
शिट्ट्या मी दिल्या नाहीत, मोजल्या.
तीन तुरीच्या डाळीला, दोन भाताला,
पाच झाल्या की हरभरे, मग गॅस बंद.
फोनवर बोलताना, पोराचा गृहपाठ घेताना,
आत्ता झाली ती चौथी की पाचवी
हे कुणाला विचारायची सोय नसताना.

पहिल्यांदा थुंकी उडाली.
दुसऱ्यांदा फुंकर, गरम चहावर घालतात तशी.
तिसऱ्यांदा पलीकडच्या काठावरून एक बगळा उठला,
पण तो माझ्यामुळे नसावा.

लेनोरानं बाटलीतलं पाणी प्यायलं,
पायाशी सांडलेली कच बुटानं सारखी केली.
"पुढच्या खांबाला बघू."
"तो किती लांब?"
"मैलभर. कुणी उपटून नेला नसेल तर."

ती निघाली.
मी ओठांचा चंबू तसाच ठेवला
आणि पेडल मारलं.